डोळा पुढे आलाय, आणि ताप नाही

"पोळ्याला बैलाचं शिंग लागलं व्हतं बघा डोळ्यापाशी, तवापासून असंच हाय." सहा वर्षांच्या नातवाला पुढे करत आजी म्हणाली. गणपती उठून दोन दिवस झाले होते. पोरगा माझ्या टेबलावरची टॉर्च चालू-बंद करत बसला होता. ताप नाही, रडारड नाही. उजवी वरची पापणी सुजून खाली आलेली आणि तिच्यावर लवंग उगाळून लावल्याचा तपकिरी डाग. आजीने पिशवीतून औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या काढून ठेवल्या. रांजणवाडी समजून दोनदा अँटिबायोटिक देऊन झालं होतं.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, त्याचं डोकं मागे कलतं केलं आणि कपाळावरून खाली पाहिलं. डाव्या बाजूला भुवईच्या पुढे पापणीचे केस तेवढे दिसत होते. उजव्या बाजूला अख्खा डोळाच पुढे आलेला, शिवाय किंचित खाली आणि कानाच्या दिशेला सरकलेला. रांजणवाडीने डोळा असा सरकत नाही.

त्या मुलाला ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा होता. नाव तोंडात बसायला वेळ लागतो, म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी नुसतं 'ऱ्हॅब्डो' म्हणतो. हा मऊ ऊतींचा कॅन्सर. स्नायू बनायला निघालेल्या कच्च्या पेशी वाट चुकतात आणि वाढतच राहतात, असं ढोबळपणे समजा. शरीरात तो कुठेही होतो. दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाला तो डोळ्याच्या खोबणीत होतो, आणि तेही बहुतेक वेळा दहा वर्षांच्या आतल्या मुलांना. बुबुळात पांढरी चमक दिसणारा रेटिनोब्लास्टोमा वेगळा. तो डोळ्याच्या आत, पडद्यावर होतो. हा डोळ्याच्या मागे किंवा भोवती. आजार इतका विरळा आहे की गावातल्या डॉक्टरने तो आयुष्यात एकदाही पाहिलेला नसतो. म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण हा लेख त्याच कारणासाठी लिहिते आहे. पहिली शंका घरातूनच यावी लागते.

खोबण म्हणजे चहूबाजूंनी हाड असलेला खळगा, फक्त पुढून उघडा. आत काहीही वाढलं की डोळ्याला पुढे सरकण्यावाचून गत्यंतर नसतं. ऱ्हॅब्डो बऱ्याचदा खोबणीच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यात वाढतो, म्हणून डोळा खाली आणि बाहेर ढकलला जातो. आणि वाढतो तो दिवसांच्या हिशोबाने. जन्मापासूनची किंवा दोन वर्षांत हरभऱ्याएवढी झालेली गाठ ही सहसा वेगळी गोष्ट असते. सोमवारी पापणी जड वाटली, पुढच्या सोमवारी डोळा अर्धा झाकला, त्याच्या पुढच्या सोमवारी शेजारीण म्हणाली, "याचा डोळा मोठा दिसतोय का गं?" हा वेग ओळखायचा. सूज किती मोठी आहे यापेक्षा ती किती दिवसांत एवढी झाली, हे मला आधी हवं असतं. तारीख आठवत नसेल तर सण, परीक्षा, लग्न आठवा. आजीच्या पोळ्यामुळे मला पंधरा-सोळा दिवसांचा हिशोब एका वाक्यात मिळाला.

शिंगाचं म्हणाल तर त्याचा दोष नव्हता. मार लागल्याने हा कॅन्सर होत नाही. मार लागला म्हणून घरच्यांचं लक्ष तिकडे जातं, इतकंच. पण मार सापडला की सगळ्यांना कारण सापडल्यासारखं वाटतं आणि आठवडा जातो. मोबाइल पाहिल्याने, डोळे आल्याने किंवा आईने गरोदरपणात काही खाल्ल्याने तो होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. काही थोड्या घरांत आनुवंशिक दोष सापडतो, म्हणून घरात कमी वयात झालेल्या कॅन्सरची माहिती डॉक्टरांना द्यावी. बाकी बहुतेक वेळा कारण सापडत नाही.

घरी काय पाहायचं

मुलाला खुर्चीवर बसवा, मागे उभे राहा आणि मी केलं तसं कपाळावरून पाहा. दुसरा प्रकार फोटोचा. मुलाला छताकडे बघायला सांगा आणि हनुवटीच्या खालून फोटो काढा. दोन्ही डोळे एका पातळीत आहेत का ते लगेच कळतं. मग सहा महिन्यांपूर्वीचा वाढदिवसाचा फोटो आणि शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो शेजारी ठेवा. आम्हालाही हे जुने फोटो फार उपयोगी पडतात, तेव्हा येताना मोबाइल चार्ज करून आणा.

मुलाला एकाऐवजी दोन दिसतात का, एका बाजूला बघताना डोळा अडतो का, एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याने नीट दिसतं का, हेही पाहा. नजर सुरुवातीला बरेचदा चांगली असते आणि दुखतही नाही. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहिलेली घरं मी पाहिली आहेत.

आता तापाचं. खोबणीत जंतुसंसर्ग झाला तरी डोळा सुजतो आणि पुढे येतो. त्यात मूल सहसा आजारी दिसतं, ताप असतो, सर्दी-सायनसची कहाणी असते, हात लावला तर गरम लागतं, दुखतं. तीही तातडीचीच बाब आहे, त्याच दिवशी दाखवायची. नजर आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. ऱ्हॅब्डोमध्ये सूज तशीच लाल दिसू शकते, पण ताप नसतो आणि मूल खेळत असतं. फरक दरवेळी इतका स्वच्छ असतो असं नाही. म्हणून माझा साधा नियम: अँटिबायोटिक सुरू करून दोन दिवसांत सूज उतरणीला लागली नाही, तर तिसऱ्या दिवशी दुसरी बाटली नको, स्कॅन हवा.

डॉक्टरांकडे गेल्यावर सरळ विचारा, "डोळा पुढे आला आहे का, ते मोजून सांगाल का?" आणि "खोबणीचा स्कॅन करायला हवा का?" यात उद्धटपणा काही नाही. 'सूज उतरायची गोळी' म्हणून स्टेरॉइड देत असतील, तर निदान नक्की झालं आहे का ते विचारून घ्या. रक्ताचा कॅन्सरही लहान मुलांत डोळा पुढे आणतो, आणि तपासणीआधीच स्टेरॉइड गेलं तर सूज तात्पुरती ओसरते, रोग झाकला जातो आणि तुकड्याच्या तपासणीतही गोंधळ होतो.

तुकडा, ब्लॉक आणि फाइल

सीटीत हाड चांगलं दिसतं आणि तो पटकन होतो. एमआरआयमध्ये मऊ भाग स्पष्ट दिसतो, पण लहान मुलाला त्यासाठी झोपवावं लागतं. कुठला करायचा हे डॉक्टर ठरवतील. मात्र तारखेसाठी पंधरा दिवस थांबू नका, दुसरीकडे लवकर मिळत असेल तर तिकडे जा. भूल द्यायची असेल तर उपाशी ठेवण्याच्या वेळा काटेकोर पाळा. भुकेने रडणाऱ्या नातवाला आजोबांनी हळूच बिस्कीट दिलं आणि त्या दिवसाची तारीख रद्द झाली, हे माझ्यासमोर घडलं आहे. पुढची तारीख आठवड्याने मिळाली.

स्कॅनमध्ये गाठ दिसली की पुढची पायरी बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायचा. इथे घरात हमखास वाद होतो. "कॅन्सरला लोखंड लागलं की तो भडकतो" हे वाक्य मराठवाड्यात मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते येण्याआधीच मी उत्तर देते. तुकडा न काढता हा रोग कोणालाही ओळखता येत नाही, आणि नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही. व्यवस्थित काढलेल्या तुकड्याने रोग पसरत नाही. ज्यांचे रोग 'लोखंड लागल्यावर वाढले', ते बहुतेक वेळा तुकडा काढल्यानंतर उपचार न घेता घरी बसलेले असतात. एवढंच पाहा की बायोप्सी खोबणीच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या नेत्रतज्ज्ञाने करावी आणि आधी कॅन्सर विभागाशी बोलून करावी.

तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत लॅबमध्ये जातो. तिथे तो मेणात बसवून छोटी वडी करतात, तिला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचे पातळ काप काचपट्टीवर घेतात, त्या स्लाइड. डेस्मिन, मायोजेनिन अशा प्रथिनांसाठी खास रंग देऊन पेशी स्नायूच्या जातीच्या आहेत का ते पाहतात. खोबणीतला ऱ्हॅब्डो बहुतेक वेळा 'एम्ब्रियोनल' प्रकारचा निघतो, तो उपचारांना चांगली दाद देतो. 'अल्व्हिओलर' प्रकार अधिक चिवट; त्यात फॉक्स-ओ-वन नावाच्या जनुकाची जोडणी तपासतात, कारण उपचार किती जोराचा करायचा ते त्यावर ठरतं.

रिपोर्टचा कागद घेऊन निघू नका. ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून सही करून मागून घ्या, त्या तुमच्या मुलाच्या आहेत. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात, आणि त्या नसतील तर तुम्हाला मुंबईहून परत गावी पिटाळलं जातं. ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. स्कॅनची फिल्म पुरेशी नाही, सीडीही घ्या. एक जाड फाइल करा. पहिल्या पानावर आजाराची सुरुवात, दिलेली औषधं आणि तारखा एका पानात लिहा. ओपीडीतल्या पंधरा मिनिटांत हे एक पान तुमच्यासाठी बोलतं.

त्यानंतरच्या आठवड्यात छातीचा सीटी, हाडांचा किंवा पेट स्कॅन, अस्थिमज्जेची तपासणी अशी रांग लागते. 'डोळ्याला झालंय तर कमरेत सुई कशाला?' हा बापाचा प्रश्न रास्त असतो. रोग दुसरीकडे गेला आहे का, हे पाहिल्याशिवाय उपचाराचा आराखडा होत नाही. खोबणीतला ऱ्हॅब्डो निदानाच्या वेळी बहुधा तिथेच असतो. शरीरातल्या ज्या जागा या रोगाच्या बाबतीत 'बऱ्या' मानल्या जातात, त्यांत खोबण आहे.

डोळा काढावा लागेल का?

हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, म्हणून उत्तर आधीच देते. बहुतेक मुलांचा डोळा काढावा लागत नाही. साठच्या दशकापर्यंत मात्र हाच उपचार होता. डोळा, पापण्या आणि खोबणीतलं सगळं काढून टाकायचे, आणि एवढं करूनही तीनांतलं जेमतेम एक मूल वाचत असे. अमेरिकेत १९७२ साली या रोगासाठी अनेक रुग्णालयांनी मिळून अभ्यास सुरू केला, पुढे युरोपातही असे अभ्यास झाले, आणि औषधं व रेडिएशन मिळून शस्त्रक्रियेपेक्षा चांगलं काम करतात हे पक्कं झालं. आज तिथल्या अभ्यासांत खोबणीपुरता मर्यादित असलेला एम्ब्रियोनल ऱ्हॅब्डो झालेली शंभरातली नव्वदहून अधिक मुलं पाच वर्षांनंतर हयात असतात. मुलं वेळेवर आली आणि उपचार पूर्ण झाले, तिथले हे आकडे आहेत. डोळा काढण्याची वेळ येते ती रोग उपचारांना न जुमानता उरला किंवा उलटला तर.

केमोथेरपीत साधारणपणे व्हिन्क्रिस्टीन, ॲक्टिनोमायसिन-डी आणि सायक्लोफॉस्फमाइड ही तीन औषधं असतात. युरोपच्या पद्धतीत तिसऱ्याऐवजी आयफॉस्फमाइड देतात. सगळं मिळून सहा महिने ते वर्षभर चालतं. मधे रेडिएशन, नेहमीचा डोस ४५ ग्रे, म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे साधारण पाच आठवडे. किरणं देताना काहीही दुखत नाही, पण चेहऱ्यावर घट्ट जाळीदार मुखवटा बसवून हलू न देता ठेवतात. लहान मूल घाबरतं, त्याला रोज थोडी भूल द्यावी लागते. प्रोटॉन किरणांनी आजूबाजूच्या भागाला कमी इजा होते. ही सोय खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात आता आहे, तुमच्या मुलाला ती योग्य आहे का हे तिथेच विचारा. रेडिएशनच्या जागेवर हळद, कोरफड, खोबरेल काहीही लावू नका. विभागातून सांगतील तेवढंच.

सगळ्यात जास्त मुलं आपण कुठे गमावतो? निदानात उशीर होतो तिथे, आणि त्याहून वाईट वाटतं ते दुसऱ्या ठिकाणी. केमोचे दोन-तीन कोर्स झाले की सूज जादूसारखी उतरते. डोळा जागेवर येतो, पोर हसायला लागतं. इकडे कापूस वेचणीला आलेला, धाकटं लेकरू आत्याकडे ठेवलेलं, हातातले पैसे संपलेले. "आता बरा झालाय" म्हणत कुटुंब गाडीत बसतं. रोग डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही तो उरलेला असतो, आणि परत येतो तेव्हा त्याच औषधांना तितकी दाद देत नाही. पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून पूर्ण वेळापत्रक लिहून घ्या, शेवटच्या तारखेसकट. ते देवघराशेजारी चिकटवा. वेचणीला, लग्नाला, पंढरीच्या वारीला कोण जाणार आणि मुलासोबत कोण राहणार, हे आधीच ठरवा. पैसे संपले असतील तर निघून जाण्याऐवजी वॉर्डातल्या समाजसेवकाला सांगा. तो त्याच कामासाठी तिथे बसलेला असतो.

केमोच्या काळात ताप हा शब्द वेगळ्या अर्थाने घ्यायचा. थर्मामीटर घरात हवा, हाताने कपाळ पाहून चालणार नाही. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की रात्रीचे दोन असले तरी रुग्णालयाला फोन करून निघा. सकाळची वाट नको. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबूही नका. औषधानंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या लढणाऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, तेव्हा साधा जंतूही काही तासांत घात करतो. जवळच्या रुग्णालयातच जावं लागलं तर 'मुलाची केमो चालू आहे' हे दारातच सांगा.

व्हिन्क्रिस्टीनने बद्धकोष्ठ होतं, जबडा दुखतो, पायांच्या नसा मंदावतात. एका आईने मला सांगितलं होतं, "चालताना याच्या पायातली चप्पल निसटते आणि फटफट आवाज येतो." नसा दुबळ्या झाल्याची याहून नेमकी खूण मी पुस्तकात वाचलेली नाही. असं दिसलं की सांगा, डोस बदलता येतो. सायक्लोफॉस्फमाइडच्या दिवशी पाणी भरपूर पाजा आणि लघवी लालसर दिसली तर लगेच कळवा. बाहेरची गोळी, काढा, बुरशीचं औषध काहीही विचारल्याशिवाय देऊ नका. बुरशीवरची काही औषधं व्हिन्क्रिस्टीनचा त्रास भलताच वाढवतात. पल्स पोलिओचा रविवार आला तर धाकट्या भावंडाला तोंडावाटे डोस देण्याआधीसुद्धा कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरचे उपचार त्यात येतात. रेशन कार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. तीनही कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते गावातच पाहून घ्या, नंतर त्यासाठी तहसीलला हेलपाटे पडतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग असतात. पहिल्या दिवशी घाईत भलता अर्ज भरू नका. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, आणि कॅन्सरच्या मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत; तिथे जागा रुग्णालयामार्फत मिळते. रेल्वेच्या आणि एसटीच्या सवलतीचे दाखलेही रुग्णालयातूनच घ्यायचे.

उपचार संपले म्हणजे डोळ्याचं काम संपलं असं नाही. रेडिएशनने काही वर्षांत मोतीबिंदू येऊ शकतो, तो काढता येतो. डोळा कोरडा पडतो, थेंब दीर्घकाळ लागतात. त्या बाजूचं हाड कमी वाढतं, म्हणून मूल मोठं होताना चेहरा थोडा एकांगी दिसू शकतो. पापणीने महिनोन् महिने झाकलेला डोळा आळशी होतो. तेव्हा चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावायचं असतं, आणि वर्गात पट्टी लावून बसायला मूल नकार देतं. शिक्षिकेला आधीच भेटा. एका बाईंनी आपल्याच चष्म्याच्या एका काचेला महिनाभर कागद चिकटवला होता. एका डोळ्याची नजर कमी राहिली असेल तर चांगला डोळा जपण्यासाठी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा नंबर नसला तरी द्या.

रोग उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो, म्हणून तेव्हा तपासण्या जवळजवळ असतात. पोळ्याचा तो मुलगा आता पाचवीत आहे. त्याची आई अजून दर महिन्याच्या एक तारखेला त्याला घराच्या त्याच निळ्या भिंतीपाशी उभा करते, छताकडे बघायला लावते आणि हनुवटीखालून फोटो काढून मला पाठवते. गेल्या महिन्यात फोटोत तो डोळे मिटून जीभ बाहेर काढून उभा होता. मी तिला दुसरा काढायला सांगितला.